थरार मालिकेचा पहिला भाग : सगळं खर्चून टाकावं की राखून ठेवावं?

वाघूरकाठ (जळगाव) | शनिवार, रात्री ९:५०

मंडळी,

एका मित्राने तीन भागांच्या थरार मालिकेचा पहिला भाग लिहून पूर्ण केलाय आणि आम्हा तीन-चार जणांना वाचायला दिलाय. त्याला विचारूनच हा धागा काढतोय. नाव सांगत नाही, तो इथे वाचनमात्र असतो.

गोष्ट भुसावळ, सावदा, रावेर, बऱ्हाणपूर या पट्ट्यातली. नायक मालगाडीवरचा निवृत्त गार्ड. केळीच्या एका व्यापाऱ्याचं प्रेत रुळांच्या कडेला सापडतं, पोलीस अपघात म्हणून कागद रंगवतात आणि आपल्या गार्डसाहेबांना ते काही पटत नाही. भट्टी चांगली जमली आहे. मला जेवायला चार हाका माराव्या लागल्या, यावरून काय ते समजा.

पण शेवटच्या पानावर कळतं की खुनी कोण, ते तिसऱ्या भागात! पहिल्या भागात उघड काय होतं, तर मेलेला माणूस दिसत होता तितका साधा नव्हता, एवढंच. मी तडक फोन लावून त्याला सुनावलं. त्याचं उत्तर : "सगळं पहिल्यातच सांगून बसलो तर दुसरा कोण घेईल?"

माझं म्हणणं नेमकं उलटं. पहिल्या भागात जो गुन्हा घडला तो तिथल्या तिथे निस्तरला पाहिजे. शिल्लक राहावा तो माणूस. वाचक परत येतो तो "खुनी कोण" यासाठी नाही, "हा बाबा आता पुढे काय करतो" यासाठी.

स्वीडिश लेखक स्टीग लार्सनचंच बघा. (रहस्यभेद होईल, न वाचलेल्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.)

२००५ साली मालिकेचा पहिला भाग आला तेव्हा लेखक हयात नव्हता, २००४च्या नोव्हेंबरातच गेला. तिन्ही भाग त्याने आधीच लिहून ठेवले होते. म्हणजे राखून ठेवायचं असतं तर या माणसाइतकी मोकळीक कोणालाच नव्हती. तरी पहिल्या भागातलं हरवलेल्या मुलीचं कोडं पहिल्याच भागात पुरतं सुटतं. अधांतरी सोडलंय ते दुसऱ्याच्या शेवटी, तेही असं की तिसरा भाग तिथूनच सुरू होतो. तोवर आपल्याला नायिकेची, लिस्बेथची, पक्की ओढ लागलेली असते. उधारी मागायची ती ओळख झाल्यावर, दुकानात पहिलं पाऊल टाकल्या टाकल्या नाही.

तुमचा अनुभव काय? कुठल्या मालिकेचा पहिला भाग वाचून तुम्ही दुसरा शोधायला निघालात, आणि का? वाचनालयातून रोज एक रहस्यकथा बदलून आणणारी पिढी इथे आहे, त्यांनी जरूर लिहा.

---

ब्रेकव्हॅन (भुसावळ) | शनिवार, रात्री १०:३५

नायक गार्ड आहे म्हटल्यावर मला बोलणं भाग आहे. उभी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात गेली.

आधी तुमच्या मूळ मुद्द्यालाच हात घालतो. तुम्ही सगळे धरून चाललात की वाचक पहिल्या भागापासून सुरुवात करतो. आमच्या काळी असं काही नव्हतं. वाचनालयात जो अंक हाताला लागेल तो. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, त्यातली झुंजारची पहिली कुठली हे मला आजही सांगता येणार नाही आणि कधी अडलंही नाही. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद भेटला तोही अधेमधेच. फलाटावरच्या स्टॉलवर हिंदी पॉकेट बुक्स मिळायची, तिथेही तेच. सुरेंद्र मोहन पाठक यांचा नायक विमल घ्या. पहिली कादंबरी १९७१ची. पण गवगवा झाला तो चौथीने, पासष्ट लाखांच्या दरोड्याच्या कादंबरीने, १९७७मध्ये. लोक चौथीतून आत शिरले आणि मग मागच्या तीन शोधत बसले.

त्यामुळे माझं मत असं, की मालिकेची प्रत्येक कादंबरी पहिली असल्यासारखी लिहावी.

आता गार्डबद्दल. तुमच्या मित्राला सांगा, निवड फक्कड आहे, पण तिचा उपयोग त्याने केलाय का? लोको पायलटला समोरचं दिसतं. गार्डला दिसतं ते गाडी निघून गेल्यावरचं. मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर टाकून ठेवतात, मुख्य रुळावरून एकामागून एक मेल-एक्सप्रेस जातात, आणि तुम्ही त्या डब्यात एकटे. पंखा नाही, मे महिना, भुसावळचं ऊन. वाचण्यासारखं सगळं वाचून झालेलं. मग माणूस बघत बसतो. कुठल्या फाटकावर कोण रोज येतं, कुठल्या शेतातली मोटर रात्री दोनला चालू असते, कुठली पायवाट कालपर्यंत नव्हती. हे ज्याने वर्षानुवर्षं पाहिलंय त्याला रुळाकडेचं प्रेत "इथलं नाही" हे कळणारच. कादंबरीतला शोध याच सवयीतून निघाला पाहिजे. नाही तर नायक गार्ड काय आणि पोस्टमन काय, सारखंच.

आणि हो, गार्ड आता कागदोपत्री ट्रेन मॅनेजर झालेत, २०२२पासून. तुमचा नायक त्याआधी निवृत्त झाला असेल तर गार्डच म्हणेल आणि नव्या नावाला हसेलही.

---

पुस्तकखोर (धुळे) | शनिवार, रात्री ११:२०

ब्रेकव्हॅन काकांचा परिच्छेद मित्राने जसाच्या तसा उचलावा.

वाघूरकाठ, तुमच्याशी निम्मा सहमत. गुन्हा मिटवावा हे बरोबर, पण केवळ मिटवल्याने मालिका उभी राहत नाही. मिटवलेल्या गुन्ह्यांच्या कादंबऱ्या रद्दीत किलोवर मिळतात. माझ्या मते पहिल्या भागात एक गोष्ट अशी लागते जी पुढच्या कुठल्याही भागात पुन्हा करता येणार नाही : नायक घडताना किंवा मोडताना दिसला पाहिजे.

बाँडची पहिली कादंबरी, १९५३. सिनेमे बघून वाचायला घेतली तर माणूस चक्रावतो. ज्या जुगारासाठी पाठवलंय तिथे हा गडी मध्यावरच सगळे पैसे हरतो! अमेरिकन हेर पैसे पुरवतो म्हणून परत बसू शकतो. पुढे खलनायक मरतो, पण बाँडच्या हातून नाही, आणि त्यानंतरही कादंबरीचा बराच भाग उरतो. त्या उरलेल्या भागात नायकाचं जे काही होतं, त्यातून पुढचा थंड रक्ताचा बाँड तयार होतो. खलनायकाच्या मरणावर पुस्तक संपवलं असतं तर ती एक बरी हेरकथा झाली असती, बस्स.

हेच शेरलॉक होम्सला लावून बघू. १८८७मध्ये पहिली कादंबरी एका नाताळ वार्षिकात आली, सगळ्या हक्कांसकट लेखकाला २५ पौंड मिळाले. रचना म्हणाल तर आजचा संपादक परत पाठवेल. मध्येच होम्स गायब, गोष्ट अमेरिकेतल्या युटाहला जाते आणि बराच वेळ तिकडेच रमते. पण सुरुवातीच्या त्या पहिल्या भेटीत "तुम्ही अफगाणिस्तानात होतात" असं तो वॉटसनला सांगतो ना, तिथे काम झालं. तरीही एकदम उड्या पडल्या नाहीत. खरी लोकप्रियता १८९१पासून, मासिकातल्या छोट्या कथांनी. तेव्हा "पहिला भाग यशस्वी" म्हणजे नक्की काय, हेही ठरवायला हवं. खपला तो यशस्वी, की ज्याने दुसऱ्याला जागा करून दिली तो?

डॅन ब्राऊनच्या प्राध्यापक लँग्डनची पहिली कादंबरी २०००ची, कोणी फारशी विचारली नाही. २००३ला दुसरी आली, जगभर गाजली, आणि पहिलीचे ढीग तिच्या जिवावर विकले गेले. हे ब्रेकव्हॅन काकांच्या बाजूने.

एक कायम सांगितला जाणारा नियम : नायकाचं पूर्वचरित्र पहिल्या प्रकरणात ओतू नका. हेरकथा लिहिणाऱ्या जॉन ल कारेने १९६१च्या पहिल्याच कादंबरीत पहिलं प्रकरणच नायक जॉर्ज स्मायलीच्या संक्षिप्त चरित्राला दिलंय. आणि ते वाचवतं! कारण त्यात बायको सोडून गेलेल्या, बुटक्या, बेढब कपड्यांतल्या माणसाची टिंगल आहे, माहिती तिच्या आडून येते. असो, रात्र फार झाली.

---

सावदेकर | रविवार, सकाळी ६:१५

आम्ही वाचक साधे, पण गोष्ट आमच्या दारातली निघाली म्हणून लिहितो.

वाघूरकाठ भाऊ, तुमच्या मित्राने प्रेतापासून सुरुवात केली का? तर मग आमच्याकडचा खरा थरार त्याच्या हातून निसटला. प्रेत मुंबईत पण सापडतं. रावेर-यावलकडे गुन्हा कशाने सुरू होतो ते पेपरात दर थोड्या दिवसांनी येतं : रात्रीतून बाग कापली.

न पाहिलेल्यांसाठी सांगतो. केळीचं खोड म्हणजे लाकूड नाही, पानांच्या देठांची गुंडाळी आणि आत पाणी. चांगल्या धारेच्या कोयत्याने एक-दोन घावांत आडवं होतं, आवाजही फार होत नाही. दोन-तीन माणसं एका रात्रीत शेकडो खोडं पाडतात. कापणारा बाग निवडतो ती निसवलेली, घड भरत आलेली. लागवडीला, ठिबकला, खताला पैसा जाऊन बसलेला असतो आणि कापणी महिन्यावर आलेली असते तेव्हा. कोवळी बाग कापून कोणी दुश्मनी काढत नाही. मुळातून पील म्हणजे नवा कोंब फुटतो, त्यावर पुढची बाग (पिलबाग) धरता येते, पण ते वर्ष गेलं ते गेलंच. आणि गुन्हा दाखल होतो अज्ञात इसमाविरुद्ध. गावात सगळ्यांना "अज्ञात" कोण ते माहीत असतं, किंवा तसं वाटत तरी असतं.

कादंबरीवाल्याला अजून एक देतो, फुकट. केळीचा चीक. अंगावर उडतो तेव्हा पाण्यासारखा, दिसतही नाही. वाळला की तपकिरी-काळा पडतो आणि मग साबण, सोडा, काही लावा, कापड फाटेल पण डाग निघणार नाही. म्हणून कापणीला मजूर जुनेच कपडे घालून येतात. आता विचार करा, ज्याचा बागेशी संबंध नाही, इस्त्रीच्या कपड्यात फिरतो, अशा माणसाच्या बाहीवर दुसऱ्या दिवशी डाग उमटला तर? रात्री त्याला स्वतःलाही दिसला नसणार.

व्यापारी मेला म्हणता, तर कारणं हवी तेवढी. बोर्डावर भाव एक, खरेदी दुसऱ्याच भावाने. माल गेला दिल्लीला आणि पैसे आले नाहीत, असं एक घर गावात दाखवा जिथे घडलं नाही. आमच्या नात्यात पण एकाने असा हात धुतला, नाव काढत नाही. त्यामुळे संशयित शोधावे लागणार नाहीत, कमी करावे लागतील.

पहिला भाग कशाने जमतो म्हणाल तर ह्याने. दुसरीकडे कुठे घडूच शकत नाही असा गुन्हा.

---

भरीतपार्टी (यावल) | रविवार, सकाळी ८:०५

कादंबरी जाऊ द्या हो, बाहीवर डाग कोणाच्या ते सांगा आधी. आमच्या इथल्या एका इस्त्रीवाल्यावर माझी नजर गेली आहे आता.

---

काळाकोट (चोपडा) | रविवार, सकाळी ११:१०

पहिल्या भागात लेखक आपली पत कमावतो किंवा घालवतो, आणि पोलिसी कामात घालवतो तशी दुसरीकडे कुठे घालवत नाही. दोन-तीन गोष्टी, मित्राला उपयोगी पडतील.

कथा कुठल्या सालात घडते? १ जुलै २०२४नंतरची असेल तर "तीनशे दोन लावला" हे वाक्य चालणार नाही. खुनाला आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. प्रेत सापडल्यावर होणारी अकस्मात मृत्यूची चौकशी पूर्वी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४खाली व्हायची, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४खाली. हां, जुना हवालदार बोलताना तीनशे दोनच म्हणणार. ते पात्राच्या तोंडी राहू द्या, कागदावर नको.

दुसरं, प्रेत नक्की कुठे पडलंय? रेल्वेच्या हद्दीत असेल तर तपास लोहमार्ग पोलिसांचा. कुंपणापलीकडे शेतात असेल तर गावच्या ठाण्याचा. पाच-दहा फुटांवर सगळं ठरतं. आरपीएफ वेगळं, ते रेल्वेच्या मालमत्तेचं राखण करणारं दल. कादंबऱ्यांत या दोघांची सर्रास खिचडी असते.

तिसरं सगळ्यात खुमासदार. बऱ्हाणपूर स्टेशन रेल्वेच्या हिशेबाने भुसावळ विभागातच येतं, पण राज्य मध्य प्रदेश. म्हणजे गाडीच्या नोंदी एका कार्यालयात आणि पोलीस दोन राज्यांचे. ज्याला तपास लांबवायचा आहे त्याने प्रेत फक्त तिकडे नेऊन टाकायचं. तुमचा गार्ड मात्र दोन्हीकडे ओळखी असलेला माणूस. पोलिसांना जे पत्रव्यवहार करून महिनाभरात मिळणार नाही ते याला चहाच्या टपरीवर मिळतं. खाजगी माणसाने खुनाचा तपास का करावा, या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर मला तरी सुचत नाही. हौशी नायकाच्या बहुतेक मालिका याच प्रश्नावर पहिल्या पन्नास पानांत गळाठतात.

---

सांजवेळ (माहेर अमळनेर, सध्या नाशिक) | रविवार, दुपारी ३:४०

सगळे पुरुष नायकाबद्दलच बोलताय. त्याच्याकडे बघणारं कोण आहे?

बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्यायांनी ब्योमकेश या गुप्तहेराच्या दोन कथा लिहिल्या आणि मगच "सत्यान्वेषी" लिहिली, १९३२च्या सुमारास. पण आज सगळे मालिकेची सुरुवात तिथूनच धरतात, कारण गोष्ट सांगणारा अजित आणि ब्योमकेशची भेट तिच्यात आहे. तीही कशी, तर ब्योमकेश खोट्या नावाने खाणावळीत राहायला येतो आणि अजित त्याला आपल्या खोलीत जागा देतो. म्हणजे वाचकाला नायक आधी माणूस म्हणून आवडतो, हुशार आहे हे नंतर कळतं. सत्यजित राय यांच्या फेलूदाला असाच चुलतभाऊ तोपशे आहे. या बघणाऱ्याच्या डोळ्यांत कौतुक असतं, कधी राग असतो, आणि तो मुख्य म्हणजे आपल्यासारखाच अर्धवट माहितीवर असतो.

निवृत्त गार्ड एकटाच हिंडत असेल तर तो स्वतःशी बोलत बसणार, आणि पानंच्या पानं "त्याला आठवलं", "त्याच्या मनात आलं". त्याला एखादी सून द्या. रेल्वे क्वार्टर सोडून भुसावळच्या नव्या कॉलनीत बांधलेलं घर, मुलगा पुण्याला, ही इथल्या शाळेत शिक्षिका. "अण्णा, तुम्ही कशाला त्या भानगडीत पडता" म्हणणारी आणि रात्री तेच कागद वाचत बसणारी. नाती घरातली असली की धोकाही घरात येतो.

आणि बोली सांभाळा बाई. खान्देश म्हटलं की जो तो पात्राच्या तोंडी अहिराणी घालतो. "काय करी ऱ्हायना रे भो" धुळे, साक्री, आमच्या अमळनेरकडे ठीक. सावदा-रावेरचा लेवा शेतकरी तसं बोलत नाही, तो "काय करू रायला" म्हणेल. धुळ्याहून बदलून आलेला फौजदार आणि सावद्याचा बागायतदार समोरासमोर बसले तर दोघांच्या बोलण्यातच कळलं पाहिजे कोण कुठला. मात्र पानभर नको. जळगावच्या वाचकाला गोड वाटेल, कोल्हापूरचा पुस्तक खाली ठेवेल.

---

तिसराभाग (नवीन सदस्य) | रविवार, रात्री ९:०५

मीच तो मित्र. धाग्यापायी खातं उघडलं.

सगळ्यांचे आभार, सावदेकर काकांचे विशेष. पण शेवटाच्या बाबतीत मी माझ्या जागेवरच आहे, आणि का ते सांगतो.

वाघूरकाठ म्हणतो माणसापायी वाचक येतो. येतो, पण तो जमाना वेगळा. आज माझ्या पुस्तकाची स्पर्धा दुसऱ्या पुस्तकाशी नाही, मोबाइलवरच्या वेबमालिकेशी आहे. तिथे प्रत्येक भागाच्या शेवटी दार आपटतं. वाचकाला ती सवय झालीय. मी सगळं नीट गुंडाळून हातात दिलं तर तो "छान होतं" म्हणेल आणि विसरेल.

दुसरं, माझा गुन्हा एक नाहीच. व्यापाऱ्याचा मृत्यू हा वरचा पापुद्रा. खाली केळीच्या गाड्यांतून सीमेपलीकडून होणारी हत्यारांची ने-आण आहे, त्याखाली एक जुना व्यवहार. ते तीन भागांशिवाय मावत नाही.

सांजवेळ यांची सुनेबद्दलची सूचना मात्र डोक्यात बसली आहे. माझ्या कथेत सध्या सून एका ओळीत चहा आणून देते.

---

वाघूरकाठ (जळगाव) | रविवार, रात्री ९:४०

आलास का शेवटी!

वेबमालिकेचं उदाहरण तुझ्याच विरुद्ध जातं. तिथे पुढचा भाग दहा सेकंदांत आपोआप सुरू होतो. तुझा दुसरा भाग कधी? लिहायचाय, मग संपादन, मग प्रकाशकाचा रांगेतला नंबर. तोवर वाचकाला तुझ्या फौजदाराचं नावही आठवणार नाही. आणि प्रकाशकाने पहिला भाग गेला नाही म्हणून दुसरा काढलाच नाही तर? लार्सनकडे तीन तयार होते. तुझ्याकडे एक आहे.

पापुद्र्यांचं म्हणशील तर ते उलट सोयीचंच आहे. व्यापाऱ्याला कोणी ढकललं, हे पहिल्यात सांग. का ढकलायला लावलं, यातला अर्धा भाग सांग. मारणारा हात सापडला, त्यामागचं डोकं पुढे. वाचकाला रिकाम्या हाताने घरी पाठवू नकोस एवढंच म्हणतोय मी.

आणि हत्यारांचा धागा पहिल्यातून पूर्ण काढ. सातपुड्यापलीकडून गावठी कट्टे येतात हे इथल्या वर्तमानपत्रात नेहमीचं आहे, त्यात नवल काय? बागेचं आणि उधारीचं प्रकरण कोणी लिहिलेलं नाही.

---

पुस्तकखोर (धुळे) | रविवार, रात्री १०:१५

"मारणारा हात पहिल्यात, डोकं पुढे" याला माझं अनुमोदन, एका अटीवर. डोकं पहिल्या भागात वाचकासमोरून गेलेलं असलं पाहिजे. थॉमस हॅरिसच्या १९८१च्या कादंबरीत नरभक्षक खुनी डॉ. लेक्टर आधीच गजाआड आहे, थोडीच पानं त्याच्या वाट्याला येतात, मुख्य खुनी वेगळाच. पण वाचून झाल्यावर लोकांना तोच आठवला, आणि १९८८च्या पुढच्या कादंबरीत लेखकाने त्याला मोठा केला. तुमचा तो मोठा मासा पहिल्या भागात दोन-तीनदा सभ्यपणे येऊन जाऊ द्या. व्यापाऱ्याच्या दशक्रियेला येईल, गार्डला "तब्येत कशी आहे अण्णा" विचारेल. कुठेही संशयाचं पार्श्वसंगीत नको.

उलट लक्षात ठेवण्यासारखं : पॅट्रिशिया हायस्मिथची टॉम रिप्ले या भामट्यावरची पहिली कादंबरी १९५५ची, दुसरी १९७०ची. पंधरा वर्षं त्या पहिल्या पुस्तकाला कोणाची गरज पडली नाही.

---

ब्रेकव्हॅन (भुसावळ) | रविवार, रात्री १०:५०

तिसराभाग, प्रेत रुळावर टाकून अपघात दाखवायचा असेल तर गाडीची वेळ ठाऊक असलेला माणूस लागेल. मेल-एक्सप्रेसच्या वेळा पाट्यांवर असतात, मालगाडीची वेळ छापलेली नसते. ती ठाऊक असते गाड्या हलवणाऱ्या कंट्रोल ऑफिसला, स्टेशन मास्तरला, आणि गाडीवरच्या दोघांना. तुमच्या खुन्याने मालगाडी निवडली असेल तर तो एकटा नाही, आतलं कोणीतरी फितूर आहे. आणि तो गार्डचा जुना सहकारी निघाला तर तुमचा नायक घडतो की मोडतो ते पुस्तकखोर सांगतील.

---

तिसराभाग | रविवार, रात्री ११:३०

काका, हे भारी आहे. मी मेल घेतली होती, आता मालगाडी करतो. मारणारा हात तोच सहकारी. पहिल्याच भागात पकडला जाईल, आणि गार्डच त्याला पकडून देईल. वाघूरकाठ, हे तुझ्या सांगण्यावरून नाही, काकांच्या.

शेवटचं प्रकरण तरीही मी दार आपटूनच संपवणार.

सावदेकर काका, एक विचारतो. चीक खाकीवर दिसेल का? आणि रेल्वेचा गणवेश पांढरा असेल तर?

---

सावदेकर | सोमवार, सकाळी ६:०५

पांढऱ्यावर तर लांबून दिसेल. खाकीवर आधी कळणार नाही, घामाचा डाग वाटेल. पण धुतल्यावर घाम जातो, हा राहतो. घरच्या बाईला पहिल्यांदा कळेल, धुणं तिच्या हातात असतं.

बागेत यायचं असेल तर या आठवड्यात या, कांदेबागेची (केळीच्याच एका हंगामाच्या लागवडीची) कापणी चालू आहे. शर्ट जुना घालून या.